आईचं केसतूड आणि माझा लंगडा पाय

आमच्या चाळीत आजारी पडणं आणि 'जरा बरं नसणं' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या. डॉक्टरचा जिना चढलात की तुम्ही आजारी. मग मजल्यावरची माणसं विचारपूस करायला येणार, परळची मावशी मोसंबी घेऊन येणार आणि तुम्ही गोधडीत पडून कण्हायचं. पण लालबागच्या नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून पुडी नाहीतर बाटली आणली, तर तुम्ही आजारी नव्हतातच मुळी. तुम्हाला जरा बरं नव्हतं, एवढंच. दुकानातल्या औषधावर माणूस गिरणीत पाळीला जाऊ शकत होता, लग्नाला जाऊ शकत होता, भांडूही शकत होता. निम्मं लालबाग वर्षानुवर्षं असं जरा बरं नसलेलं होतं आणि मजेत होतं.

आणि या कारभारात मी फार मोठी असामी होते! तिसरीत होते, वजनाला काडी, पण चाळीत कुणाच्या पोटात कळ आली की आधी माझ्या नावाने हाक यायची.

त्याचं कारण असं. दुकानात ज्याचं दुखतंय त्याने जायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धतच होती. पुरुष पाळीला गेलेले असायचे आणि बायकांना काउंटरवर उभं राहून आपलं दुखणं सांगायची लाज वाटायची. मग पोरांना धाडायचे. इतर पोरं काय दिवे लावणार! "आजीचं पोट दुखतंय, औषध द्या." पोट कुठे दुखतंय, कसं दुखतंय, जेवल्यावर की जेवायच्या आधी, कशाचा पत्ता नाही. मी मात्र आधी माणसाजवळ जाऊन बसायचे. त्याचं खोकणं ऐकायचे, कुशीवर वळताना कुठे हात जातो ते बघायचे आणि मग दुकानात जाऊन ते दुखणं जसंच्या तसं करून दाखवायचे. सुका खोकला वेगळा, कफाचा वेगळा. मुरडा आला की माणूस पुढे वाकतो, जळजळ झाली की मान मागे टाकतो. हे सगळं मला येत होतं आणि त्याचा मला भयंकर गर्व होता.

दुकानातले औषधवाले काका मूळचे मालवणकडचे. पांढरा शर्ट, नाकावर घसरलेला चष्मा, समोर पांढरी फरशी, आणि त्या फरशीवर ते चपट्या सुरीने मलम घोटत बसलेले असायचे. मला बघितलं की सुरी थांबायची.

"आज कोणाचा दुखणा घेवन इलंस गो?"

नाव सांगायचं नाही, हा आमच्यातला अलिखित करार. मी नुसती सुरुवात करायचे. ते म्हणायचे, "बसान दाखव." मी बसायचे. "आता उठान दाखव." मी उठायचे, ज्याची कंबर असेल त्याच्यासारखी. मग ते मागच्या कपाटातल्या बाटल्यांकडे वळायचे. एकदा मी तळमजल्यावरच्या आजोबांचा श्वास करून दाखवत होते, तर त्यांनी बरणीचं झाकण फटकन लावलं आणि म्हणाले, "ह्यां माझ्या हातातला काम नाय. धाव, आत्ताच्या आत्ता डॉक्टराक बोलवा." मी धावले. डॉक्टर आले आणि आजोबा वाचले. पण मला मनातून जरा हिरमुसल्यासारखं झालं, कारण माझा श्वास अजून पुरता करून झाला नव्हता.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. तेव्हाचं लालबाग ज्याने पाहिलं नाही त्याला मी काय सांगू! भिंतीवर घोषणा, जिन्यात घोषणा, मुली ठिकरी खेळतानाही 'झालाच पाहिजे' म्हणून उडी मारायच्या. आमचे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. सभा शिवाजी पार्कला असो की कामगार मैदानात, बाबा पुढच्या रांगेत. घसा बसला की मी दुकानात जाऊन त्यांचा बसलेला घसा करून दाखवायचे.

आई मात्र गॅलरीत. सत्याग्रहाला जाणाऱ्यांसाठी भाकऱ्या थापायच्या, चटणी वाटायची, फडक्यात बांधून द्यायची आणि कठड्याला टेकून मोर्चा नजरेआड होईपर्यंत बघायचं. एकदा पीठ मळता मळता ती मला म्हणाली, "बाय, दरवेळी माझ्या भाकऱ्याच चालत जातात फोर्टात. एकदा तरी मला जायचंय." हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, पण पीठ गरजेपेक्षा जास्त मळलं गेलं.

आणि मग बायकांचा मोर्चा ठरला! लालबागहून थेट फोर्टापर्यंत, चालत. काळाचौकीच्या बायका येणार, वरळीच्या कोळणी येणार, आमच्या चाळीतून कोण येणार? अंगणात सगळे जमले होते. शेजारच्या काकी नावं घेत होत्या. आईने हात वर केला. सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. पुढच्या रांगेत बसून घोषणा देणारा माणूस चारचौघांत नाही कसं म्हणणार? बाबा म्हणाले, "जाऊ दे की. तब्येत ठणठणीत असली म्हणजे झालं."

टाळ्या पडल्या. मी आणि आईने मात्र एकमेकींकडे बघितलं. बाबांचं हे 'तब्येत ठणठणीत असली म्हणजे झालं' आमच्या चांगल्या ओळखीचं होतं. मामाच्या लग्नाला कोकणात निघताना आईला शिंका आल्या, तर बाबांनी बंदरावरून आम्हाला परत आणलं होतं. बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली. बाबा दुष्ट नव्हते हो. भित्रे होते, तेही फक्त आईच्या बाबतीत. फोर्टात गोळीबार झाला त्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांच्या पायात चपला नव्हत्या. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आईने न विचारता पाय धुवायला पाणी दिलं.

तर आता आईला शिंक येता कामा नये, एवढंच पथ्य होतं. आणि नेमकं मोर्चाच्या आठवड्यातच तिच्या डाव्या गुडघ्याच्या मागे केसतूड आलं! लालभडक, सुपारीएवढं. पाय सरळ केला की डोळ्यांत पाणी. डॉक्टरकडे जायची सोय नाही. डॉक्टरकडे गेली की आजारी, आणि आजारी की गॅलरी.

"बाय," आई म्हणाली, "तू जा. करून दाखव. पण कोणाचं ते कळू देऊ नकोस."

असं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं! मी आईला खोलीत चार वेळा चालायला लावलं. टाच कशी उचलते, वजन कुठे टाकते, ओठ कधी आवळते, सगळं पाठ केलं आणि निघाले. वाटेत विसरायला नको म्हणून दारापासूनच लंगडत निघाले. भरलेला हंडा हिंदकळू न देता आणावा तसं ते लंगडणं मी सांभाळून दुकानापर्यंत नेलं.

औषधवाले काका हसायलाच लागले. "ह्या आठवड्यात अख्ख्या लालबागेचे पायच कसे दुखतत गो? कोणाची भेग, कोणाचा कुरूप, कोणाचो अंगठो! माझो कापूस संपत इलो."

खरंच होतं ते. साऱ्या गल्लीतल्या बायका मोर्चासाठी आपापले पाय दुरुस्त करून घेत होत्या. काउंटरवर माझ्यासारखी पाच-सहा पोरं पाय पुढे करून उभी होती. पण लंगडावं तर माझ्यासारखं! काकांनी मला गुडघा वाकवायला लावला, सरळ करायला लावला, बोट ठेवून जागा दाखवायला लावली. मग काळं, डांबरासारख्या वासाचं मलम चपट्या डबीत भरून दिलं आणि बोरिकचा कापूस दिला. गरम पाण्यात पिळून शेक द्यायचा, मग मलम लावायचं. बोट उगारून म्हणाले, "दाबूक नाय हां. आपल्याआप फुटलां तर बरां. पण ताप इलो, नायतर लाली वर चढाक लागली, तर सरळ डॉक्टर. मगे मोर्चो नाय नि बिर्चो नाय. सांग तिका."

मी मोर्चाचा शब्दही काढला नव्हता. पण आता सगळ्या लालबागलाच साथीच्या तापासारखा मोर्चा झाला होता, तर त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार.

परत निघाले ती लंगडतच. आता गरज नव्हती, पण इतकं सुरेख जमलेलं टाकवेना. आणि नाक्यावर, पहिली पाळी सुटून आलेले बाबा समोर उभे!

"काय झालं गं पायाला?"

 हातात मलमाची डबी, पाय अधांतरी. काय सांगणार? "केसतूड," मी म्हटलं.

"कुठे?"

"गुडघ्यामागे."

"आणि आईने तुला अशी चालत पाठवली?" बाबांनी मला उचललं, खांद्यावर घेतलं आणि तरातरा चाळीकडे निघाले. भेटेल त्याला सांगत होते, पोरीला केसतूड झालंय. जिन्यावरून चाळीतल्या सगळ्यांनी मला बघितलं. वर आई दारात उभी होती. तिचं औषध तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर बसून येत होतं, आणि तिला हसताही येईना, रडताही येईना.

"बघू दे मला," बाबा म्हणाले.

"तुम्ही कशाला, मुलीची जात," आई चटकन म्हणाली आणि मला मोरीत घेऊन गेली. मोरीला जुन्या लुगड्याचा पडदा होता. पडद्याबाहेर बाबा चहाचा कप घेऊन बसले.

आणि मग जे झालं ते आठवलं की मला अजून हसू फुटतं. आईने पाणी गरम केलं होतंच. कापूस बुडवून, पिळून तिने स्वतःच्या गुडघ्यामागे ठेवला आणि पदर दातात धरला. तिचा चेहरा बघून मी जोरात ओरडले, "आई गं!"

बाहेरून बाबा म्हणाले, "हळू गं, हळू. पोर आहे ती."

पुन्हा कापूस, पुन्हा आईचा पदर दातात, पुन्हा माझी बोंब. दुखत होतं तिला आणि ओरडत होते मी. थोड्या वेळाने तर आमचा तालच जमला. कापूस टेकायच्या आत ती मला भुवईने खूण करायची. मलम लावताना जरा कमी दुखलं, तर मी नुसती विव्हळले. सगळं झाल्यावर आईने माझ्या धडधाकट गुडघ्याला पट्टी बांधली, आणि आम्ही दोघी बाहेर आलो, मी लंगडत आणि ती ताठ.

पुढचे दिवस असेच गेले. शाळेत जाताना मी लंगडायचे, बाबा घरात असले की आई सरळ चालायची आणि ते पाळीला गेले की कठडा धरून उभी राहायची. शेक चालू, मलम चालू. ताप आहे का ते मी दर संध्याकाळी तिच्या कपाळाला हात लावून बघायचे. लाली वर चढली नाही. पण केसतूड फुटायचं नाव घेईना. मोरीत आम्ही दोघी कुजबुजत घोषणा द्यायचो, "फुटलंच पाहिजे! फुटलंच पाहिजे!" आई इतकी हसायची की बाबा बाहेरून विचारायचे, "पोर ओरडतेय आणि तू हसतेस कसली?"

मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी ते फुटलं! कापूस ठेवला आणि आईचे डोळे एकदम मोठे झाले. मला कळलं, हीच वेळ. मी अशी काही किंकाळी फोडली की समोरच्या चाळीतले लोक गॅलरीत आले. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत उत्तम काम. आईने सगळं नीट पुसलं, पट्टी बांधली आणि मला पोटाशी धरलं. तिला घाम आला होता आणि ती हसत होती. "सुटले गं बाय, सुटले," ती म्हणाली.

आम्ही पडदा बाजूला केला, तर बाबा दारात उभे. चेहरा पांढरा पडलेला.

"पोरीची ही अवस्था," ते म्हणाले, "आणि तू उद्या तिला टाकून फोर्टात जाणार?"

बाई गं! एवढं सगळं केलं, पण ही गोष्ट आमच्या दोघींच्या डोक्यातच आली नव्हती. आई आजारी पडली तर आईने घरी राहायचं, ठीक. पण पोर आजारी पडलं तर कोणी घरी राहायचं? आईनेच! तिचं दुखणं मी माझ्या अंगावर घेतलं काय आणि न घेतलं काय, गॅलरी तिचीच.   आईने ताटं घेतली, भाकरी वाढली. मला घास उतरेना. माझी किंकाळी इतकी चांगली झाली नसती तर, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

सकाळी गिरण्यांचे भोंगे झाले, पण कोणी पाळीला गेलं नाही, हरताळ होता. आई उठली, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. मग तिने पेटीतलं हिरवं लुगडं काढलं आणि नेसली. केस बांधले, कुंकू लावलं. बाबा बघत होते.  खाली अंगणात बायका जमायला लागल्या. शेजारच्या काकींनी हाक मारली, "येतेस ना गं? कोळणी आल्यासुद्धा!"

बाबा उठले आणि कठड्याशी गेले. ते 'पोर आजारी आहे' असं सांगणार, हे मला दिसत होतं.

मला काय झालं कोण जाणे. मी खाली वाकले, पट्टी ओढून फेकून दिली आणि गॅलरीतून धावत सुटले. सुसाट! दुसऱ्या टोकाच्या नळाला हात लावला आणि तशीच धावत परत आले. येऊन बाबांसमोर उड्या मारल्या. "बघा! बरी झाले! बघा!"

बाबांनी मला दंडाला धरून थांबवलं. खाली बसले. माझा डावा पाय वळवून गुडघ्यामागे बघितलं. मग त्या जागेवरून अंगठा फिरवला. तिथे काहीच नव्हतं. मच्छर चावल्याचीसुद्धा खूण नव्हती. काल संध्याकाळी जिच्या किंकाळीने समोरची चाळ गोळा झाली, तिच्या पायावर खरचटलेलंही नव्हतं.

ते बसल्या जागेवरून कोनाड्यातल्या मलमाच्या डबीकडे बघायला लागले. डबी जवळजवळ रिकामी होती. मग त्यांनी आईकडे बघितलं. आई दारात उभी होती, सगळा भार उजव्या पायावर, डावी टाच किंचित उचललेली. बाबा बघतायत हे कळताच तिने ती टाच हळूच जमिनीला टेकवली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

खाली कोणीतरी आरोळी ठोकली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" आणि सगळ्या बायकांचा आवाज वर आला.  बाबा उठले. कठड्यावरून वाकले.

"येतेय!" ते ओरडले. "तब्येत ठणठणीत आहे तिची!"

आईने भाकऱ्यांचं फडकं उचललं आणि जिना उतरली. बाबांकडे बघायचं धैर्य तिला झालं नसावं, पण माझ्या डोक्यावरून तिने हात फिरवला. ती गेल्यावर बाबांनी मलमाची डबी आणि उरलेला कापूस खिशात टाकला, मला खांद्यावर उचललं आणि म्हणाले, "चल, आपण फूटपाथने जाऊ."

काय तो मोर्चा! लालबागच्या रस्त्यावर बायकाच बायका, हिरवी, निळी, लाल लुगडी, कोळणींच्या वेण्यांतली फुलं, माना ताठ. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांमधून आज पुरुष वाकून बघत होते! आई तिसऱ्या रांगेत होती. बाबांच्या खांद्यावरून मला ती सारखी दिसत होती. सरळ चालत होती. घोषणा देताना तिचा हात वर जायचा तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. मला ती आमची आई वाटतच नव्हती, आणि ती आमचीच आहे म्हणून मला ओरडून ओरडून सगळ्या फूटपाथला सांगावंसं वाटत होतं.

भायखळ्याच्या जवळपास माझ्या लक्षात आलं की मी एका बाजूला कलतेय. पुन्हा सरळ होतेय आणि पुन्हा कलतेय. मला आधी वाटलं, बाबा दमले. मग मी खाली वाकून बघितलं. बाबांच्या डाव्या पायाची टाच टेकत नव्हती. भार सगळा उजव्यावर.

"बाबा, तुमच्या पायाला काय झालं?"

"माझ्या?" ते म्हणाले. "काही नाही." त्यांची नजर तिसऱ्या रांगेवर होती. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "तिचं दुखत असेल ना गं."

मी लंगडण्यातली जाणकार. ते करून दाखवणं नव्हतं, एवढं मला कळलं. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि बाबा तसेच लंगडत, आईच्या रांगेबरोबर, घोषणा देत फोर्टाकडे निघाले.